साब विक्षिप्तपणाने बुडाली?
साब ही स्वीडनची मोटार कंपनी का बुडाली, यावरच्या लेखातलं ‘विक्षिप्तपणाच साबला नडला’ हे विधान काही पटलं नाही. उलट तो विक्षिप्तपणा होता तोवर गिऱ्हाईक हौसेने येत होतं. जनरल मोटर्सने २००० साली कंपनी पूर्ण ताब्यात घेतली, आणि पुढे सुबारू या जपानी कंपनीच्या इम्प्रेझा गाडीलाच साबचा मुखवटा चढवून ९-२एक्स म्हणून विकायला काढली. ९-७एक्स तर चक्क शेवरले ट्रेलब्लेझर! चावीची जागा तेवढी साबच्या जुन्या रीतीप्रमाणे दोन सीटच्या मध्ये नेली, की झाली साब. २०११ च्या दिवाळखोरीचं खापर विक्षिप्तपणावर कसलं फोडताय?

तो विक्षिप्तपणा मी अनुभवलाय. स्वीडनमध्ये गॉथेनबर्गला असताना घरमालकाची जुनी साब ९०० चालवायला मिळाली होती. गाडी रिव्हर्समध्ये टाकल्याशिवाय चावी निघतच नाही. मी आपला ओढतोय, आणि म्हातारा शेजारी बसून गालातल्या गालात हसतोय.