गोळा उसळला पाहिजे

आम्ही वसईचे, त्यामुळे डुक्कर आणि कोळंबी दोघांशी लहानपणापासून घरोबा, पण ही दोघं एकाच टोपात कधी भेटली नव्हती हो. पोर्क सणाला नाहीतर लग्नाला, आणि कोळंबी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या शुक्रवारी, मटण वर्ज्य म्हणून. ती भेट सिंगापूरला आल्यावर समोरच्या आंटीने घडवली.

चायनीज न्यू इयरच्या आदल्या रात्री इथे सगळं घर एकत्र जेवतं. मधे स्टीमबोट, म्हणजे उकळत्या सुपाचं भांडं, जो तो आपापलं बुडवून खातो. त्यात गोळे हवेतच, गोल म्हणजे माणसं एकत्र येणं. आंटीने आम्हालाही बोलावलं आणि वर, "गोळे तू आण, पॅकेटवाले नको हां." मी म्हटलं त्यात काय, खिम्याचे कोफ्ते जन्मभर केलेत. इथेच माती खाल्ली.

कोफ्ता मऊ पडला की आपण खूश. यांचा गोळा मऊ पडला की तो नापास. त्याला रबरी चेंडूसारखी उसळी पाहिजे, इथे तिला क्यूक्यू म्हणतात, आणि ती मैदा-ब्रेडने येत नाही, मेहनतीने येते. अर्धा किलो चरबीवालं पोर्क, पाव किलो कोळंबी अर्धी वाटलेली अर्धी जाडसर चिरलेली (दाताखाली यायला पाहिजे ना), मीठ, पांढरी मिरी, तिळाचं तेल, थोडा कॉर्नफ्लोअर, कुरकुरीतपणाला वॉटर चेस्टनट, तो आपल्या शिंगाड्याचा लांबचा भाऊ वाटतो पण नात्यात काही लागत नाही. मग बर्फाचं पाणी चमचा चमचा घालत एकाच दिशेने फेटायचं. एकाच! मिठामुळे मांसातलं प्रोटीन सुटतं आणि चिकट होतं, म्हणून फेटणं आलं, आणि गरम झालं की चरबी वितळून सगळं फिसकटतं, म्हणून बर्फ आला. दिशेचं कारण विचारलं तर आंटी फक्त बघते.

दहा मिनिटांत हात दुखला म्हणून मी आंटीची नजर चुकवून उलटीकडून चार फेरे मारले. पहिला घाणा पाण्यात सोडला आणि त्याची पेज झाली. दिशेमुळे झाली की माझ्या उबदार हातामुळे ते माहीत नाही, पण दोष दिशेलाच लागला.

दुसऱ्या घाण्याला आंटीने शिक्षा वाढवली. सगळा लगदा मुठीत उचलायचा आणि भांड्यात जोरात आपटायचा, किमान पन्नास वेळा. धप्प. धप्प. आतल्या खोलीत नवरा ऑफिसच्या कॉलवर होता, त्याने दार लावून घेतलं. त्यातच आईचा व्हिडिओ कॉल, "अगं धुणं काय ओट्यावर धुतेस?" मी दाखवलं तर म्हणाली बाटली मसाला घाल, काहीही चांगलं लागतं. आईकडे जगातल्या सगळ्या प्रश्नांना हेच एक उत्तर आहे.

तिसाव्या धपक्याला बेल वाजली. खालच्या मजल्यावरचा मुलगा. मी कोपरापर्यंत डुकराने माखलेली, सॉरी सॉरी म्हणत उभी, आता हा कम्प्लेंट करणार. तो म्हणाला, "आंटी, गोळे ना? किती झाले?"

"तीस."

"आमची आजी करायची. आवाज अजून बद्द येतोय, चट्ट आला पाहिजे. अजून मारा." आणि गेला. म्हणजे हा खाली बसून मोजत होता!

ऐंशीवर थांबले, तेव्हा चट्ट आला. मुठीतून अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा पिळून चमच्याने उचलायचा, उकळत्या नाही, जेमतेम हलणाऱ्या पाण्यात सोडायचा, तरंगला की झाला. आंटीने एक उचलला आणि खायच्या आधी बशीवर टाकला. उसळला! मी टाळ्याच वाजवल्या. तिने चावला, बराच वेळ चावला, म्हणाली, "ओके ला. कोळंबी कमी."

डझनभर खाली पाठवले. डबा परत आला तो धुतलेला, आणि आत दोन संत्री.