या वयात कशाला?

"या वयात कशाला?" हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं असेल त्याला एकदा नागीण व्हायला हवी. कमरेच्या डाव्या बाजूला, चांगली हातभर. बनियन घासला तरी ब्रह्मांड आठवेल अशी. मग मी त्याच्या उशाशी बसून गोड आवाजात विचारेन, "काय हो, या वयात मलम कशाला?"

संतापाचं कारण माझी थोरली बहीण. वय 76. आधी नुसतंच दुखत होतं, तर घरात ठरलं की पाठ धरली. मग पुरळ उठलं, तर ठरलं की उष्णता. फोड आले तेव्हा शेजारीण गेरू कालवून घेऊन आली आणि जाताना दबक्या आवाजात, पण ताईला ऐकू जाईल इतपत, सांगून गेली की विळखा पूर्ण झाला तर माणूस राहत नाही. मोबाइलवर बटण दाबलं की दहा मिनिटांत कोथिंबीर दारात येते, आणि नागिणीवर अजून गेरू! लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू मणक्याजवळच्या नसांत दडी मारून बसतो. म्हातारपणी प्रतिकारशक्ती सैल पडली की त्यातल्या एखाद्या नसेवाटे वर येतो, तीच नागीण. म्हणून फोड एकाच बाजूला, पट्ट्यात उठतात. विळख्याची गोष्ट निव्वळ भीती घालायला. विषाणूवरच्या गोळ्या फोड आल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा फायदा सगळ्यात जास्त. आमचे ते तीन दिवस गेरूत गेले. चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं, तर ते म्हणाले, "वय आहे, चालायचंच." आणि बी कॉम्प्लेक्स लिहून दिलं.

फोड सुकले, दुखणं राहिलं. महिने उलटले तरी तिला परकराची नाडी कमरेला बांधता येत नाही. नाडी नाही म्हणजे साडी नाही, आणि जन्मभर साडी नेसलेली बाई गाऊनवर भिशीला जात नाही, देवळात जात नाही, लग्नकार्याला तर नाहीच नाही. बाहेर पडणं बंद, चालणं बंद, गुडघे आखडले, जेवण उतरलं. आता येणारे-जाणारे म्हणतात, "ताई एकदम म्हाताऱ्या झाल्या हो." झाल्या नाहीत. केल्यात तुम्ही सगळ्यांनी मिळून.

आणि या नागिणीवर लस आहे! नवी लस 2023 पासून भारतात मिळते. पन्नाशीच्या पुढच्यांना, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. सत्तरी ओलांडलेल्यांवर झालेल्या चाचण्यांतसुद्धा तिने 90 टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिलंय. ताईला शुगर आहे, दर महिन्याला ती दवाखान्याची पायरी चढते. एका शब्दाने कुणी सांगितलं नाही तिला.

म्हणून मी माझ्यापुरती विचारायला गेले. मी 71 ची. खुर्चीत मी बसलेली, मुलगा नुसता गाडी चालवायला आलेला, दाराशी उभा. डॉक्टर माझ्या डोक्यावरून त्याच्याकडे बघून म्हणतात, "आईंना या वयात कशाला? मानसिक समाधान हवं असेल तर देऊन टाकू." अहो, बँकेच्या कॅश काउंटरवर हयात गेली माझी. खोटी नोट बोटांना कळायची. मला समाधान नकोय, इंजेक्शन हवंय. वयाची अट खालून आहे, वरून नाही, एवढं मी घरी वाचून आले होते. तुम्ही तर शिकून आलेले!

पैशांचंही ऐका. एका डोसला दहा हजारांच्या घरात. मी एफडी मोडली. आमच्या मजल्यावर धुणंभांडी करणाऱ्या मावशी साठीच्या पुढच्या आहेत, त्यांनी काय मोडायचं?

फ्लूच्या लशीचा तमाशा आणखी निराळा. फ्लूचा विषाणू दरवर्षी रूप पालटतो, म्हणून लसही दरवर्षी नवी. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा तिच्यातल्या जाती ठरवते. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू उसळी घेतो, म्हणजे मे महिन्यापर्यंत ती दंडात जायला हवी. पण मोठ्या माणसांच्या डॉक्टरांकडे ती असतेच कुठे? त्यांचा फ्रीज दाखवतात, त्यात धनुर्वाताचं इंजेक्शन आणि कुणाचा तरी डबा. शेवटी गेले बालरोगतज्ज्ञांकडे. भिंतभर हत्ती, जिराफ, ससे. पाच-सहा तान्ही बाळं, त्यांच्या आया, आणि मी. लसीकरणाचं कार्ड भरताना 'बाळाचं नाव' या रकान्यात माझं नाव आणि 'आईचं नाव' या रकान्यात, जाऊन कितीतरी वर्षं झालेल्या माझ्या आईचं. सिस्टरने सवयीने म्हटलं, "रडायचं नाही हं." पण खोटं कशाला बोलू, "या वयात कशाला" न विचारता दंड पुसणारी तेवढीच जागा सापडली.

सरकारी लसीकरण कार्यक्रम मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी. न्यूमोनियाला कारण होणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरची लस 2021 पासून देशभर बाळांना फुकट मिळते. मिळायलाच हवी, नातवंडांना टोचली की आजी-आजोबांकडे येणारे जंतूही कमी होतात. पण तोच जंतू आमच्याही छातीत शिरतो ना? आम्हाला मात्र खिशातून. आणि याची पुढची गंमत बघा. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना वयवंदना कार्ड. कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत, पण दवाखान्यात दाखल झालात तर! म्हणजे न्यूमोनियाने आयसीयूत पडले तर लाखो रुपये हजर, तो होऊ नये म्हणून टोचून घ्यायचं तर दमडी नाही. माझ्या खासगी मेडिक्लेमचीही तीच तऱ्हा. "मॅडम, लस ओपीडीत येते." काउंटरवर असा हिशेब केला असता तर मला पहिल्याच महिन्यात घरी पाठवलं असतं.

बरं, परके एक वेळ परवडले. नातेवाईक! "थोडीशीच सर्दी आहे, काही नाही," म्हणत सोफ्यावर ऐसपैस बसायचं, शेंबूड गळणारं पोर मांडीवर ठेवायचं आणि वर त्यालाच सांगायचं, "आजीला पापी दे." मी मास्क लावला की लगेच, "अय्या, काकू, तुमचा कोरोना अजून चालूच आहे का?" हो, चालू आहे. मला दमा आहे, माझी फुप्फुसं माझी आहेत, तुमच्या बाबूच्या पापीसाठी भाड्याने दिलेली नाहीत. खिडकी उघडली तर यांना एसी वाया गेल्याचं दुःख.

आणि हीच माणसं दुसऱ्या टोकाला गेली की आम्हाला थेट कोंडून घालतात. मे 2020 मध्ये राज्य सरकारने चित्रीकरणाला परवानगी दिली आणि 65 वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर बंदी केली. दुकानदाराने साठीत-सत्तरीत गल्ल्यावर बसलेलं चालत होतं, नटाने मेकअप करून उभं राहिलेलं चालत नव्हतं. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. आमच्या सोसायटीतल्या बागेच्या कुलपासाठी कोण जाणार कोर्टात? तरणी पोरं बिनमास्कची गेटवर गप्पा छाटत होती आणि आम्हाला वॉचमन हटकायचा, "आजी, घरात बसा." काळजी म्हणे. काळजी होती तर किराणा आणून द्यायचा होता, हवा का बंद केलीत?

आता सगळ्यात राग येतो ते सांगते, कारण यात माणूस जाता जाता राहिला. आमच्या विंगमधले काका, ऐंशीच्या पुढचे, पेपरातलं शब्दकोडं पेनाने सोडवणारे. एक दिवस सकाळी त्यांनी चहात मीठ घातलं, सुनेला बहिणीच्या नावाने हाक मारली, संध्याकाळी बाथरूमच्या दारात कलंडले. घरच्यांनी थर्मामीटर लावला. ताप नाही. झालं! "विसरभोळेपणा सुरू झाला, वय झालंच की." दोन दिवस कुणी हललं नाही. तिसऱ्या दिवशी मी माझं ऑक्सिमीटर घेऊन गेले, बोटाला लावलं, ऑक्सिजन 86 वर उतरलेला. निघाला न्यूमोनिया. अहो, म्हाताऱ्या माणसाला जंतुसंसर्गात ताप यायलाच हवा असं नाही. कधी नुसतं बरळणं, कधी पडणं, कधी जेवण टाकणं एवढंच दिसतं. लघवीच्या इन्फेक्शनचंही तसंच. कालपर्यंत शब्दकोडं सोडवणारा माणूस एका रात्रीत असा झाला तर ते वय नव्हे हो, वय काय एका रात्रीत वाढतं? तिशीतला मुलगा असा बरळायला लागला असता तर अर्ध्या तासात रिक्षा दारात आली असती. काकांची शब्दकोडी पुन्हा सुरू झाली आहेत, पण आता हातात पेन्सिल असते.

जागतिक आरोग्य संघटनेचा 2021 चा अहवाल म्हणतो, जगातला दर दुसरा माणूस वयावरून दुजाभाव करतो. आमच्या सोसायटीने ही सरासरी बरीच वर नेली असणार.

तर 1 ऑक्टोबर, ज्येष्ठ नागरिक दिन. दरवर्षी आमच्या ज्येष्ठांच्या संघात पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांचा सत्कार. शाल, श्रीफळ, गुच्छ, हॉलचं भाडं, बटाटेवडा. बंद हॉलमध्ये दोनशे म्हातारे खांद्याला खांदा लावून बसणार आणि प्रमुख पाहुणे खोकत खोकत 'सुदृढ वार्धक्य' या विषयावर पाऊण तास बोलणार. यंदाच्या सभेत मी लेखी ठराव दिलाय: सत्कार रद्द, तो सगळा खर्च आणि संघाच्या ठेवीवरचं व्याज घालून मे महिन्यात सभासदांसाठी फ्लूच्या लशीचं शिबिर, अर्धे पैसे संघाचे, अर्धे ज्याचे त्याने, धुणंभांडी करणाऱ्या मावशींचे आणि वॉचमनचे पूर्ण संघाने. अध्यक्षांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बाई, आता या वयात नवीन प्रथा कशाला?"

अध्यक्ष 79 वर्षांचे आहेत. निवडणूक जानेवारीत आहे. अर्ज मी आणून ठेवलाय.