पाचट जाळा सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

ऊसतोड सुरू झाली की दरवर्षी तोच मेसेज ग्रुपवर फिरायला लागतो, की पाचट (ऊस तोडल्यावर रानात राहणारी वाळलेली पानं) कुजायला वर्ष लागतं, जाळून टाका, कीड मरते, राख फुकटचं खत आणि ते कुजवायचं कल्चर (कुजवणाऱ्या बुरशी-जिवाणूंची पावडर) म्हणजे नुसतं थोतांड. लोक हे वाचून खरंच काडी लावतायत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

राखेत पालाश (पोटॅश) राहतो, थोडं स्फुरद (फॉस्फरस) राहतं, मान्य. पण हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, त्यात साधारण ४०-५० किलो नत्र (नायट्रोजन) असतं आणि ते जवळपास सगळं धुरात जातं, सोबत सेंद्रिय कर्बही (कार्बन). एकीकडे कर्ब वाढावा म्हणून शेणखताच्या ट्रॉल्या विकत घ्यायच्या आणि इथे रानातलाच कर्ब पेटवायचा, हे मला पटतच नाही.

कीड मरते हेही अर्धवट. हुमणी ही मुळं खाणारी अळी जमिनीत मुळांपाशी असते, वरच्या आगीने तिला काही होत नाही. उलट पायरिला या उसाचा रस शोषणाऱ्या किडीवर जगणारा एपिरिकॅनिया हा मित्रकीटक पाचटाबरोबर जळून जातो.

आता कुजण्याचं, कारण खरी गोची इथेच होते. पाचटात कर्ब भरपूर, नत्र फारच कमी. कुजवणाऱ्या बुरशी-जिवाणूंना स्वतः वाढायला नत्र लागतं, ते पाचटात मिळालं नाही की जमिनीतलं ओढून घेतात, खोडवा (तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) पिवळा पडतो आणि माणूस म्हणतो पाचटानेच ऊस खाल्ला. म्हणून तर एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं कल्चर सांगतात. तो युरिया वाया जात नाही, जिवाणू मेले की त्यांच्यातलं नत्र हळूहळू पिकालाच मिळतं. फक्त कल्चर युरियात कालवू नका, शेणखतात मिसळून वेगळं टाका, पाचटाची कुट्टी करून सरीत दाबा, बुडखे मोकळे ठेवा आणि पाणी द्या. ओल टिकली तर तीन-चार महिन्यांत बरंचसं कुजतं. कोरडं पसरून ठेवलं तर वेळ लागणारच, त्यात जिवाणूंचा काय दोष? शिवाय आच्छादनामुळे पाणी कमी लागतं, तण दबतं, ते वेगळंच.

राहिलं कल्चर थोतांड. ट्रायकोडर्मासारख्या बुरशी एन्झाइम सोडून पाचटातलं सेल्युलोज तोडतात, यात चमत्कार काही नाही. बोगस माल बाजारात येतो हे खरंय, त्यामुळे उत्पादनाची आणि मुदतीची तारीख बघा, दुकानाबाहेर उन्हात ठेवलेलं पाकीट उचलू नका, आत जिवंत बुरशी असते आणि ती उष्णतेने मरते. आणि चांगलं कल्चर मिळालंच नाही तर शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) शिंपडा, शेणात आणि मातीत कुजवणारे जिवाणू असतातच, थोडा वेळ जास्त लागेल एवढंच.