एव्हरेस्टनी शिखराला स्वतःचं नाव दिलं नव्हतं

“जॉर्ज एव्हरेस्ट या इंग्रजानं सर्वांत उंच शिखर शोधलं, त्याला स्वतःचं आडनाव दिलं आणि राधानाथ सिकदारांचं श्रेय लाटलं.” हा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. सिकदारांवर अन्याय झालाच. पण इथे आरोपी भलताच धरला आहे.

शोधलं म्हणावं, तर भारताच्या सर्वेक्षण खात्याचे प्रमुख असलेले एव्हरेस्ट 1843 मध्येच निवृत्त होऊन मायदेशी गेले होते. ‘शिखर 15’ची (सर्वेक्षणात या शिखराला दिलेला क्रमांक) महत्त्वाची निरीक्षणं त्यानंतर, 1849 च्या सुमारास, बिहारच्या मैदानातून झाली. आकडेमोड कलकत्त्याच्या कार्यालयात झाली, जिथे सिकदार मुख्य गणक होते. 29,002 फूट ही उंची 1856 मध्ये जाहीर झाली.

श्रेयाचं म्हणाल, तर 1831 मध्ये तरुण सिकदार सर्वेक्षणात आले ते एव्हरेस्टच्याच हाताखाली. त्यांच्या गणिताचं एव्हरेस्टना इतकं मोल होतं की, दुसऱ्या खात्यात जायला ते त्यांना सोडेनात. खरा अन्याय पुढे झाला. सर्वेक्षणाच्या अधिकृत पुस्तिकेतले तांत्रिक भाग सिकदारांनी लिहिले होते आणि पहिल्या आवृत्त्यांच्या प्रस्तावनेत तशी नोंदही होती. 1875 च्या आवृत्तीतून ती गाळली गेली. सिकदार 1870 मध्येच वारले होते, एव्हरेस्ट त्याआधी 1866 मध्ये. राग धरायचाच, तर तो त्या आवृत्तीवर धरावा.

नाव सुचवलं एव्हरेस्टनंतर सर्वेक्षणप्रमुख झालेल्या अँड्र्यू वॉ यांनी, 1856 मध्ये. स्थानिक नाव सापडत नाही, हे त्यांचं कारण मला मुळीच पटत नाही; तिबेटी ‘चोमोलुंग्मा’ हे नाव 1733 च्या पॅरिसमधल्या नकाशात वेगळ्या वर्णांत छापलेलं होतं. उलट एव्हरेस्टनी 1857 मध्ये हरकत घेतली: हे आडनाव इथल्या लोकांना उच्चारता येणार नाही, हिंदीत लिहिता येणार नाही. तरीही लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं 1865 मध्ये ते पक्कं केलं.

“एव्हर आणि रेस्ट, म्हणजे कायमचा विसावा,” हेही खोटं. आडनावाचं मूळ नॉर्मंडीतल्या एव्ह्रो गावाशी जोडतात आणि घराण्यात उच्चार होता ‘ईव्हरिस्ट’. गणित शिकवण्यावर लिहिणाऱ्या मेरी एव्हरेस्ट बूल याच घरातल्या, जॉर्ज यांच्या पुतणी. मसाल्याच्या पाकिटावरचं नाव मात्र शिखरावरून आलेलं.

एव्हरेस्टना जोखायचं, तर रेखांशाच्या महाकंसावरून, म्हणजे दक्षिण भारतापासून हिमालयापर्यंत एका रेखांशाच्या ओळीत केलेल्या मोजणीवरून जोखावं. ही मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला वारले, तेव्हा ते अर्धवट काम एव्हरेस्टनी हाती घेतलं आणि मसुरीच्या पायथ्यापर्यंत नेलं.