कवठे महांकाळमध्ये कवटी नाही

गावांच्या विचित्र नावांमागचं ‘रहस्य’ उलगडणारा एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. दर वेळी दोन-चार गावं बदलतात, साचा तोच. नाव कानाला लागेल तसं तोडायचं, त्यात एखादा राक्षस नाहीतर राजा बसवायचा आणि उरलंसुरलं इंग्रज कारकुनाच्या माथी मारायचं. आजवर वाचून सोडून देत होतो. या वेळी कवठे महांकाळला कवटी चिकटवलेली पाहिली आणि राहवलं नाही.

तर कवटीपासूनच. कवठ हे झाड आहे. त्याच सांगली जिल्ह्यात कवठे एकंद आहे, पुणे जिल्ह्यात कवठे यमाई आहे. आता तिन्ही ठिकाणी कवट्या पुरायच्या का? एका नावाची अनेक गावं झाली की ओळखू येण्यासाठी शेपूट लागतं. कुठे ते देवाचं असतं, कुठे कुळाचं. पुण्याजवळची पिंपळे गुरव, पिंपळे निलख आणि पिंपळे सौदागर ही भावंडं तशीच. चिंचोली, बोरगाव, बाभुळगाव, पळसगाव, सावरगाव... झाडांची गावं मोजत बसलात तर दिवस मावळेल.

पुढचा दावा ‘नेर’चा. संगमनेर, पारनेर, अमळनेर यांतला नेर म्हणजे म्हणे नीर, पाणी. संगमनेरला प्रवरा आणि म्हाळुंगीचा संगम आहे, त्यामुळे हे पटतंही पटकन. पण हा नेर म्हणजे नगर. प्राकृतात दोन स्वरांमधला ग झिजतो, त्याच्या जागी य येतो: नगर, नयर, नेर. हाच झिजलेला ग दुसरीकडेही सापडतो. धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात तगर ही पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरची मोठी बाजारपेठ म्हणून येते. तगर, तयर, तेर. नगरचं नेर झालं त्याच वाटेने. एकदा ही जोडी लक्षात आली की नीर शोधावंसं वाटत नाही.

भोकरदनची गंमत मला सगळ्यात आवडते. मजकूर म्हणतो, भोकराच्या झाडांचं गाव. आता झाडांचा मुद्दा मीच वर मांडला, मग इथे का नको? कारण इथे जुना लेखी पुरावा हाताशी आहे. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांनी आपापली गावं दगडात कोरून घेतली, त्यांत भोगवर्धन आहे. जालना जिल्ह्यातलं भोकरदन ते हेच. भोगवर्धन झिजत गेलं आणि झिजलेल्या तुकड्यात लोकांना ओळखीचं झाड दिसलं. आपला कान असाच आहे, अर्थ हरवलेला शब्द त्याला सहन होत नाही.

कसबे आणि बुद्रुक यांवर मजकुराने कमालच केली आहे. कसबे म्हणे कसबी कारागिरांचं गाव, आणि बुद्रुक कुणी बुद्रुकबुवा. कसब आणि कसबा हे दोन्ही शब्द अरबीतून आलेले, पण मुळात वेगळे. कसबा म्हणजे बाजारपेठेचं, परगण्याचं मुख्य गाव. मौजे म्हणजे साधं खेडं. सांगलीजवळ कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज दोन्ही आहेत, म्हणजे उत्तर दोन पाट्यांवरच लिहिलंय. बुद्रुक हा फारसी बुजुर्ग, थोरला. खुर्द म्हणजे धाकटा. ही महसुली दप्तराची भाषा आहे. आज एखादं खुर्द बुद्रुकपेक्षा मोठं दिसलं तर इतकंच समजायचं की दप्तरातला शिक्का राहिला आणि गाव वाढलं.

इंग्रजांनी नावं बिघडवली, हे अर्धंच खरं. खडकीचं किर्की त्यांनी केलं, ठाण्याचं थाना केलं. पण ते त्यांच्या कागदावर. गावात कुणी किर्की म्हणत नव्हतं. करहाटकाचं कऱ्हाड आणि प्रतिष्ठानाचं पैठण व्हायला साहेब लागला नाही.

राजांचं म्हणाल तर राजे नावं देतात, यात वाद नाही. फक्त त्याची नोंद असते. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास देवगिरीचं दौलताबाद केलं. शेजारच्या खडकीचं मलिक अंबरच्या मुलाने फतेहनगर केलं, पुढे औरंगाबाद झालं, 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर. पुण्याची खडकी आणि ही खडकी, दोन्हींत खडक. कोणता राजा तिथे घोड्यावरून पडला, हे शोधायची गरज नाही.

राहिला लोणारचा लवणासुर. ही कथा मला मोडायची नाही, ती छान आहे. विष्णूने असुराला मारलं आणि त्याच्यावरून लोणार, एवढं मजकूर सांगतो. तळं उल्का आदळून झालेल्या विवरात आहे, विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, आणि पाणी खारं. आता त्या असुराचं नाव पुन्हा एकदा सावकाश वाचा: लवण. म्हणजे मीठ. आधी पाणी खारट लागलं असणार, राक्षस नंतर आला.