जॉबकार्डावर काय लिहिलंय ते वाचून सही करा

गेल्या वर्षी गणपती होऊन गेल्यावरच्या रविवारी आम्ही गोव्याहून बेळगावला परत येत होतो. बाजूला बायको, मागे आई आणि मुलगी. साखळी मागे पडली, चोर्ला घाट चढायला लागलो. भुरभुर पाऊस आणि धुकं. एका वळणावर गाडीने दोन हिसके दिले आणि इंजिन बंद. समोरचे सगळे दिवे एकदम पेटले. स्टेअरिंग हाताला हलेना इतकं जड झालं. ब्रेक दाबला, तो लागला. सोडून परत दाबला तर पेडल दगड. गाडी चढावर मागे सरकायला लागली आणि आमच्या मागे भरलेला ट्रक होता. हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. ट्रकवाल्याने जागेवर थांबवली म्हणून आज हे लिहितोय. आई त्यानंतर कणकुंबीपर्यंत एक शब्द बोलली नाही.

पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली तर पहिल्या झटक्यात सुरू. काही झालंच नाही अशी.

गाडी तेव्हा अडीच वर्षांची, वॉरंटीतली. कंपनीचं किंवा सर्व्हिस सेंटरचं नाव मी इथं लिहिणार नाही, कारण मला जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाही. पहिल्यांदा नेली तेव्हा त्यांनी बॅटरीचं टर्मिनल आवळून दिलं. महिन्याभरात काकतीजवळ हायवेवर पुन्हा तेच झालं. तेव्हा विचारलं, "पेट्रोल कुठलं भरलंत? गोव्याचं?" तिसऱ्यांदा वंटमुरी घाटात बंद पडली, तेव्हा सॉफ्टवेअर अपडेट केलं. तिन्ही वेळा ट्रायल मारून आले आणि म्हणाले, "गाडी ओके आहे सर." खरंच ओके होती. त्यांच्या दारात पोचेपर्यंत ती थंड झालेली असायची.

तिसऱ्या खेपेनंतर रात्री जेवणं झाल्यावर बायकोने तिन्ही जॉबकार्डं, म्हणजे सर्व्हिस सेंटर आपली तक्रार आणि काम ज्यावर लिहितं ते कागद, टेबलावर मांडली आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. मग म्हणाली, "अहो, ह्यात गाडी चालता चालता बंद पडली असं कुठंच लिहिलेलं नाही."

खरंच नव्हतं. पहिल्या कार्डावर तक्रारीच्या रकान्यात 'जनरल चेकअप'. दुसऱ्यावर 'पिकअप लो, चेक'. तिसऱ्यावर 'कस्टमर रिक्वेस्ट – सॉफ्टवेअर अपडेट'. मी घाटातला सगळा प्रकार काउंटरवर उभा राहून सांगितला होता. आई गाडीत होती हेसुद्धा सांगितलं होतं. त्या सगळ्याचं कागदावर 'कस्टमर रिक्वेस्ट' झालं, आणि तिन्ही कागदांच्या खाली माझी सही.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, एकोणीस वर्षं झाली. आमच्याकडून गेलेल्या शंभर नगांत एका नगाला बारीक क्रॅक सापडली तर काय होतं ते इथल्या हजारो लोकांना माहीत आहे. त्या नगावरचा हीट नंबर, म्हणजे तो कुठल्या ओतकामाच्या खेपेतला ते सांगणारा नंबर, बघायचा, त्या हीटचा सगळा माल अडवायचा, फाउंड्रीला कळवायचं, कारण शोधून लिहून द्यायचं. 'क्रॅक' हा शब्द लिहावाच लागतो. 'थोडी रेष दिसते' असं लिहिणारा पोरगा दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभा असतो. सुट्या भागासाठी एवढी शिस्त आहे. तोच भाग गाडीत बसून आपल्या दारात आला, की त्याच्याबद्दलची तक्रार लिहायला कुणी तयार नाही. हे मला आजही पचत नाही.

शब्द किती महाग पडतो ते अमेरिकेत दिसलंय. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांचा इग्निशन स्विच इतका सैल होता, की जड किल्लीगुच्छ लटकत असला किंवा खड्ड्यात दणका बसला तर किल्ली आपोआप मागे फिरायची. चालती गाडी बंद, स्टेअरिंग जड आणि धडक झाली तर एअरबॅग उघडत नसे. कंपनीच्या इंजिनिअरांपर्यंत हे अनेक वर्षं आधी पोचलं होतं. पण गाडी बंद पडणं हे 'ग्राहकाच्या सोयीचा प्रश्न' या खान्यात टाकलं गेलं, सुरक्षिततेच्या नाही. 2014 मध्ये सगळं उघडकीला आलं तेव्हा आणखी एक कागद बाहेर पडला. 2008 मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांना रिपोर्टात कुठले शब्द वापरू नका हे शिकवलं होतं, असे 69 शब्द. 'डिफेक्ट' लिहू नका, 'डिझाइनप्रमाणे काम करत नाही' लिहा. 'प्रॉब्लेम' लिहू नका, 'कंडिशन' लिहा. नुकसानभरपाईसाठी नेमलेल्या निधीने शेवटी 124 मृत्यू मान्य केले.

त्या प्रकरणातली एक गोष्ट मला क्वालिटीवाला म्हणून झोपू देत नाही. स्विच 2006 मध्ये सुधारला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. म्हणजे जुना कुठला आणि नवा कुठला, बाहेरच्या माणसाला कळायची सोयच उरली नाही. आमच्याकडे ड्रॉइंगमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा बदल झाला तरी रिव्हिजन नंबर बदलतो.

चौथ्यांदा गेलो तेव्हा रांगेत माझ्या पुढे बैलहोंगलचे एक गृहस्थ होते. आमचंच मॉडेल. ते कानडीत सांगत होते, "गाडी बंद आग्तैति सर, घाटन्याग." म्हणजे घाटात गाडी बंद पडते. काउंटरवर तक्रार लिहून घेणाऱ्या अॅडव्हायझरने मान डोलावली, टाइप केलं. मी त्यांना कागद बघू का म्हणून विचारलं. 'जनरल चेकअप'. आमच्या भागात असं काही झालं की लगेच भाषेवर येतं, मीसुद्धा आधी तसाच विचार केला होता, की मराठीत सांगितलं म्हणून नीट लिहिलं नसेल. पण त्यांची कानडी त्याच रकान्यात माझ्या मराठीसारखीच गायब झाली होती.

मग आम्ही दोघं तिथून हललो नाही. 'चालत्या गाडीत इंजिन बंद पडते, स्टेअरिंग व ब्रेक जड होतात, थंड झाल्यावर सुरू होते, चौथी वेळ' एवढं जसंच्या तसं लिहा, नाहीतर सही नाही, एवढंच म्हणालो. आवाज चढवला नाही. अॅडव्हायझर पोरगा चांगला होता, तो म्हणाला, असं लिहिलं तर वर उत्तर द्यावं लागतं. मी म्हटलं, त्यासाठीच लिहा. मॅनेजर आले. तासाभराने तसं लिहिलं गेलं.

नवव्या दिवशी माझ्या गाडीचा फ्युएल पंप बदलला. वॉरंटीत, एक रुपया न घेता. अनगोळच्या आमच्या जुन्या मेस्त्रीने हे दुसऱ्या खेपेलाच सांगितलं होतं: "पंप गरम झाला की आतल्या आत अडकालाय बगा. थंड झाला की सुटतोय." त्यानंतर चोर्ल्याहून तीनदा जाऊन आलो, एकदाही बंद पडली नाही.

पंपाचं दुखणं नवं नाही. पेट्रोलच्या टाकीत बसणाऱ्या पंपात प्लास्टिकचा छोटा पंखा असतो, इम्पेलर. त्याचं प्लास्टिक कमअस्सल असलं तर ते पेट्रोल शोषून फुगतं आणि कडेला घासायला लागतं. डेन्सो या जपानी कंपनीच्या अशा पंपांमुळे जगभर लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. आपल्याकडे मारुतीने जुलै 2020 मध्ये वॅगन-आर आणि बलेनो मिळून 1,34,885 गाड्या फ्युएल पंपासाठी तपासायला बोलावल्या, होंडाने ऑक्टोबर 2024 मध्ये 90,468. ज्या कंपन्या हे जाहीर करतात त्यांना नावं ठेवू नयेत असं माझं मत आहे. गाड्या परत बोलावणारी कंपनी वाईट आणि गप्प बसणारी चांगली, असं आपण समजतो तोवर गप्प बसणाऱ्यांचं फावणार.

कायदा आता आपल्या बाजूने थोडा तरी आहे. पूर्वी गाडी परत बोलावणं कंपनीच्या मर्जीवर होतं. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110अ आलं आणि 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतली गाडी असेल तर मालक सरकारच्या वाहन पोर्टलवर दोष नोंदवू शकतो. एका मॉडेलबद्दल ठरावीक संख्येने तक्रारी आल्या की चौकशी होते, आणि सरकारला सक्तीने गाड्या परत बोलावायला लावाव्या लागल्या तर कंपनीला 10 लाख ते 1 कोटी रुपये दंड. सगळं अडतं ते त्या 'ठरावीक संख्ये'वर. आपण तक्रार घरात, पारावर, लग्नाच्या पंगतीत करतो. पोर्टलवर करत नाही.

आमच्या सीमाभागात तर ती आणखी विखुरते. गाडी कोल्हापुरात घेतलेली, नंबर एमएच 09, मालक निपाणीत, सर्व्हिस बेळगावात, बंद पडली ती गोव्याच्या हद्दीत. प्रत्येक ठिकाणचा माणूस म्हणतो, ही इथली गाडी नव्हे. दोष मात्र गाडीसोबत तिन्ही राज्यं फिरतो.

सेकंडहँड घेणाऱ्यांना कळकळीने सांगतो. कंपनीचं परत बोलावल्याचं पत्र बरेचदा पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातं. इथं गोव्याच्या आणि कोल्हापूरच्या जुन्या गाड्या किती येतात ते बघताच. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवा. एअरबॅग फुगवणारा आतला अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन खराब होतो आणि धडकेत एअरबॅगऐवजी धातूचे तुकडे ड्रायव्हरच्या अंगावर येतात. होंडाने भारतातही त्यासाठी जुन्या गाड्या परत बोलावल्या होत्या. किनाऱ्यावर दहा-बारा पावसाळे काढलेली गाडी घेत असाल तर चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि दुरुस्ती फुकट होते.

ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर आपण राहतो त्या जिल्ह्यात जाता येतं, गाडी कुठंही घेतलेली असो. पाच ते दहा लाखांच्या गाडीला फी 200 रुपये. मुदत दोन वर्षांची. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आधी बोलून घ्या. पण तिथंही पहिलं मागतात ते जॉबकार्ड, आणि त्यावर 'जनरल चेकअप' असेल तर समोरचा वकील तेच वाचून दाखवणार. म्हणून सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी आपली तक्रार घरीच एका कागदावर लिहा: कुठं, किती किलोमीटरला, काय झालं. ती जशीच्या तशी चढवायला लावा. बदललेला जुना पार्ट बघायला मागा. शक्य असेल तर गाडी बंद पडल्यावर डॅशबोर्डचा व्हिडिओ काढा, पण गाडी बाजूला घेऊन आणि माणसं उतरवून झाल्यावरच.

बैलहोंगलच्या त्या गृहस्थांच्या गाडीचाही पंप बदलला. तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. खानापूर, निपाणी, चिकोडी, चंदगड मिळून अकरा जणांची नोंद झाली आहे, चालती गाडी बंद पडल्याची, तीही एकाच मॉडेलची. त्यातल्या नऊ जणांच्या जॉबकार्डावर हे लिहिलेलं नाही. तुमच्याही बाबतीत असं झालं असेल तर जॉबकार्डाचा फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा, नंबरप्लेट झाकून. पोर्टलवर अर्ज भरायला जमत नसेल तर रविवारी सकाळी मी घरी असतो, बसून भरू. बैलहोंगलचे गृहस्थ कानडीतले अर्ज भरून देणार आहेत.