गाडीचा पीळ

कोल्हापुरात पैलवानाच्या दंडाला पीळ असला की लोक वळून पाहतात. माझ्या गाडीच्या अंगालाही पीळ आहे हे मला समजले, तेव्हा मात्र पोटात गोळा आला. गाडी जपानी, दोनच आसनांची, छप्पर मागे दुमडून ठेवता येईल अशी आणि माझ्या दारात येईपर्यंत तीन मालकांचे लाड पुरवून दमलेली. ज्या गावात पंचगंगा दर पावसाळ्यात पात्राबाहेर येण्याच्या तयारीत असते, त्या गावात बिनछपराची गाडी घेणाऱ्याला काय म्हणतात, हे वडिलांनी पहिल्याच दिवशी मोजक्या शब्दांत सांगितले होते. ते शब्द येथे देत नाही.

दुखणे असे होते की फुलेवाडी मागे टाकून गगनबावड्याच्या रस्त्याला लागावे, डावे चाक एखाद्या खड्ड्यात उतरावे आणि त्याबरोबर समोरची काच, आतला आरसा आणि स्टिअरिंग यांनी आपापल्या तालात थरथरावे. दार आणि मागचा पत्रा यांच्यात तर जुन्या बाजेसारखी कुरकुर चाले. शॉकअप बदलून झाले, टायर बदलून झाले, पण थरथर गेली नाही. शेवटी निदान झाले ते असे की चाके आपले काम बरोबर करीत आहेत, बॉडीच पिळवटते आहे.

हे घरी पटवण्यासाठी मी चप्पल लाईनीतून आणलेल्या कोल्हापुरी चपलांचा खोका घेतला. झाकण लावून, चिकटपट्टीने पक्के करून दोन्ही टोकांनी पिळला. तो हलला नाही. मग झाकण काढून पिळला, तेव्हा तो ओल्या पंच्यासारखा वळला. "छप्पर म्हणजे हे झाकण," मी विजयी मुद्रेने म्हणालो. "मग झाकण असलेली गाडी का घेतली नाहीत?" असे बायकोने विचारले. या प्रश्नाला यंत्रशास्त्रात उत्तर नाही.

पहिला उपाय मी पोस्टाने मागवला. बोनेटखाली दोन्ही बाजूंच्या शॉकअपची वरची टोके एकमेकांना जोडणारी, आरशासारखी चकाकणारी ॲल्युमिनियमची दांडी. ती घेऊन मी शिवाजी उद्यमनगरात गेलो. तेथे कोणत्याही गल्लीत शिरले तरी लेथची घरघर ऐकू येते आणि ज्याला शेतीच्या अवजारापासून कारखान्याच्या सुट्या भागापर्यंत काहीही करून देता येत नाही असा माणूस शोधावा लागतो. माझ्या मिस्त्रींनी दांडी हातात घेतली, एक डोळा मिटून तिच्याकडे बंदुकीसारखे पाहिले आणि विचारले, "ही मधे वाकडी का?" इंजिन आड येते म्हणून, मी सांगितले. "आणि टोकाला बिजागरी?" बसवायला सोपे जावे म्हणून. "साहेब, सरळ दांडी दाबाला आणि ताणाला उभी राहते. वाकडी वाकत जाते. त्यात बिजागरी म्हटल्यावर हिचा उपयोग टॉवेल वाळत घालायला." दांडीची किंमत मी त्यांना सांगितली नाही. घरीही सांगितलेली नाही.

मग ते गाडीखाली गेले आणि तेथूनच त्यांचा आवाज आला, "याला चासीच नाही! घट्ट काय करायचं?" बोलणे खरे होते. ट्रकला किंवा जीपला खाली शिडीसारखी वेगळी चौकट असते, तसे या गाडीत काही नसते. पत्र्याचे कवचच सगळा भार पेलते. १९२२ साली लान्चिया लाम्ब्डा या इटालियन गाडीने हा मार्ग दाखवला आणि पुढे बहुतेक मोटारी त्याच वाटेने गेल्या, हे मी खाली वाकून त्यांना सांगितले. ते म्हणाले, "तो दहाचा पाना द्या."

पीळ किती आहे हे पाहायला कागदोपत्री 'एक अंश पिळण्यास किती न्यूटन-मीटर' असे माप असते. मिस्त्रींनी जॅक घेतला. पुढचा उजवा कोपरा चाक जमिनीवरून सुटेपर्यंत उचलला आणि मला दार लावायला सांगितले. दार लागेना. वरची फट करंगळी जाईल एवढी रुंदावली होती आणि खाली पत्र्याला पत्रा टेकला होता. जॅक उतरवला, तसे दार मुकाट्याने लागले. त्यांनी हा प्रयोग शेजारच्या दोन शेडमधल्या मंडळींनाही बोलावून दाखवला. माझ्या गाडीचे असे जाहीर, कुस्त्यांचे खासबाग मैदान व्हावे, हे मला रुचले नाही; पण टाळ्या पडल्या.

उपाय साधा होता. चौकोन कोपऱ्यातून ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही. आपल्या घरांच्या कैच्या याच आधारावर पिढ्यान्‌पिढ्या कौले पेलत आल्या आहेत. तेव्हा पोटाखाली पुढच्या सांगाड्यापासून मागच्यापर्यंत चौकोनी पाईपच्या तिरप्या पट्ट्या मारायच्या, आणि त्याही बंद पाईपच्या, कारण एका बाजूने उघडा असलेला चॅनेल पिळायला फार सोपा असतो. शिवाय सगळे बोल्टवर बसवायचे, मूळ पत्र्याला वेल्डिंग करायचे नाही, कारण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि माझे वडील या दोघांचाही गाडीत फेरफार करण्याला विरोध आहे.

तीन शनिवार गेले. एकूण चौदा किलो लोखंड बसले. गाडी रस्त्यावर आणली तर कुरकुर पूर्वीपेक्षा वाढलेली! दोघेही गोंधळलो. चूक अशी होती की गाडी स्टँडवर लटकत असताना आम्ही बोल्ट आवळले होते. चाके हवेत असताना कवच वेगळ्या तऱ्हेने लोंबते. ते लोंबणेच आम्ही इमानेइतबारे पक्के करून ठेवले होते. मग सगळे बोल्ट ढिले केले, गाडी पिटवर तिच्या स्वतःच्या चार चाकांवर उभी केली आणि मिस्त्रींनी खाली उभे राहून एकेक बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळला. मी वर ड्रायव्हरच्या जागी वजन म्हणून बसलो होतो. या सगळ्या कामात माझा तांत्रिक वाटा तेवढाच.

गुण आला, हे कबूल केले पाहिजे. काच थांबली, आरशात मागचा ट्रक एकच दिसू लागला आणि वळणावर स्टिअरिंग फिरवताच गाडीचे नाक फिरू लागले. पूर्वी बॉडी स्वतःच अर्धी स्प्रिंग झाली होती. ते काम आता खऱ्या स्प्रिंगांवर आले. पण मोठा आवाज गेल्यावर त्याच्या आड लपलेले बारके आवाज एकेक करून पुढे आले: घड्याळाची टिकटिक, सीटच्या रुळाची खडखड, डिक्कीत हरवलेला एक नट. मी मिस्त्रींकडे तक्रार केली, तेव्हा त्यांच्या भाच्याने वेगळाच मुद्दा काढला. गो-कार्टला, म्हणजे शर्यतीच्या त्या चिमुकल्या गाडीला, स्प्रिंग नसते आणि वळणावर आतले-बाहेरचे चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियलही नसते. वळणावर तिची चौकट मुद्दाम पिळावी लागते, म्हणजे आतले मागचे चाक उचलले जाते आणि कार्ट वळते. "तिकडं पीळ पाहिजे म्हणून पैसे देतात, सर," तो म्हणाला. हे मला चौदा किलोंच्या आधी कोणी सांगितले नव्हते.

खरी अडचण मात्र उंचीची झाली. गाडीचे पोट जमिनीपासून १३ सेंटीमीटरवर होते, त्यातले तीन पाईपने खाल्ले. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलसर गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब असावा; म्हणजे कागदावर मी काठावर पास होतो. पण आमच्या गल्लीतला गतिरोधक उरलेल्या काँक्रीटमधून एका रात्रीत जन्माला आला आणि त्याने मानक वाचलेले नाही. पहिल्याच दिवशी पाईप त्यावर असा घासला की समोरच्या काकू हातात लाटणे घेऊन बाहेर आल्या.

पुष्कळ मोजमाप करून असे आढळले की गाडीत मी एकटा असलो तर पोट दोन बोटांनी सुटते आणि दोघे असलो तर टेकते. तेव्हापासून संध्याकाळी रंकाळ्यावर जाताना गतिरोधक दिसला की मी थांबतो, बायको दार उघडून उतरते, गाडी किंचित वर येते, मी हळूच पलीकडे जातो आणि ती चालत येऊन पुन्हा बसते. घरापासून रंकाळ्यापर्यंत असे सात आहेत. परवा पाचव्यानंतर ती बसलीच नाही. पुढे जा, मी पोचतेच, एवढे म्हणाली. मी गाडी लावून, छप्पर ओढून रंकाळ्याच्या कठड्यापाशी आलो, तेव्हा तिची अर्धी भेळ खाऊन झाली होती.